मरण जवळ आलें कीं वैतरणी कां आठवते?



आम्हीं भिक्षुकाचें बोलावणें बंद केलें तेव्हां आमचे दांत शाबूत होते. भिक्षुकावांचून लग्नें लावलीं, बापाच्या तेराव्याला कर्ज काढलें नाहीं. गांवानें नांवें ठेवलीं तीं हंसण्यावारी नेलीं. आतां गुडघे धरतात, रात्रीं झोंप लागत नाहीं, आणि लहानपणीं आजीनें सांगितलेली वैतरणी डोळ्यांपुढें उभी राहते. रक्तापुवाची नदी, काठाला यमाचे दूत, आणि गाय दान न दिलेला जीव अलीकडेच तळमळतो आहे! असली नदी कोठें नाहीं हें दिवसां पक्कें ठाऊक असतें. रात्रीं गोठ्यांतली गाय हंबरली कीं छातींत धस्स होतें. एवढ्यावरून आम्हांला कोणी लबाड म्हणूं नये. कोंवळ्या रोपाला पडलेला बांक झाड जून झालें तरी खोडांत दिसतो. पुढें काय आहे तें आम्हांला ठाऊक नाहीं. भिक्षुकालाहि ठाऊक नव्हतें. तो दक्षिणा घेऊन सांगत असे, इतकेंच.

जोतीराव फुल्यांनीं १८८७ सालीं, हात चालत होता तोंवरच, मृत्युपत्र करून ठेवलें. १८८८ त अर्धांगानें उजवी बाजू गेली, तर डाव्या हातानें त्यांनीं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरें केलें. देह मिठांत घालून पुरावा अशी त्यांची इच्छा होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. पण घराच्या आवारांत पुरण्यास म्युनिसिपालिटीची परवानगी मिळाली नाहीं, दहनच करावें लागलें. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनीं तंटा काढला, तेव्हां सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें धरलें. जोतीरावांचा देह त्यांच्या मनासारखा गेला नाहीं. पण त्यांचें म्हणणें काय होतें याविषयीं घरांत कोणाला संशय उरला नव्हता.

आमच्या घरीं तसें आहे काय? बाप गेला कीं भावकी जमते. कावळा शिवला नाहीं, म्हाताऱ्याचा जीव अडकला, असें कोणी मामा म्हणतो. आणि रडून थकलेला मुलगा त्या घटकेला कोणाशीं वाद घालणार? तो खुंट्यावरची गाय सोडून देतो. त्याच्यावर हें ओझें टाकणारे आम्हीच. तेव्हां आधीं बायकोला सांगा, मग सुनेला. मुलाला चार माणसांदेखत सांगा. आणि भीतीहि सांगा. ती एकट्यानें अंथरुणांत गिळण्यापेक्षां शेजारच्या म्हाताऱ्याला हांक मारलेली बरी. तोहि बहुधा जागाच असतो.

ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं सभा उठल्यावर ओट्यावर थांबावें. शाळेचीं पोरें कागद घेऊन बसलीं आहेत. सांगाल तसें लिहून देतील.