बंद पडलेल्या नाटकाची वही



या खुर्चीवर एरवी लेखक बसतो, नाहीतर नट. यंदा व्यवस्थापकाला बसवायचं तुम्ही ठरवलंत, त्याबद्दल आभार. आमच्या जातीची एक खोड आहे. सभागृहात शिरलं की आधी खुर्च्या मोजायच्या. आत्ताही मोजल्या. किती भरल्यात ते सांगत नाही, आयोजकांचा मान राखायला हवा.

मी एकाच विषयावर बोलणार आहे. नाटक कसं चालवायचं हे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी पदव्युत्तर पातळीवर शिकवावं का, आणि शिकवायचं तर कुठल्या पुस्तकावरून?

आपल्याकडे अभिनय आणि दिग्दर्शन शिकवायची सोय आहे. पुण्यात ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी २००३ पासून. तिथून चांगली मुलं आली, आज ती आपल्याच नाटकांत कामं करताहेत. पण शनिवारी दुपारी दादर, रात्री ठाणे आणि रविवारी पुणे असे तीन प्रयोग लावायचे तर सेटचा टेम्पो कधी सुटला पाहिजे, हे कुठल्या वर्गात शिकवतात? जाहिरातीत ज्यांचं नाव ‘सूत्रधार’ म्हणून छापलं जातं ती माणसं हे शिकली ती दुसऱ्या सूत्रधाराच्या मागे बॅग घेऊन फिरत. तो माणूस गेला की त्याचं शास्त्रही त्याच्याबरोबर जातं.

आणि हे शास्त्र आपल्या रंगभूमीइतकंच जुनं आहे. १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ झालं ते तिथले राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. १८५१ मध्ये ते वारले आणि आश्रय तुटला. विष्णुदास भाव्यांपुढे प्रश्न उभा राहिला की ही मंडळी आता पोसायची कशी? ते दौऱ्यावर निघाले, मुंबईला आले, १८५३ मध्ये ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. भाव्यांना आपण आद्य नाटककार म्हणतो. मी त्यांना आद्य निर्माताही म्हणेन, कारण राजाच्या जागी तिकीट काढणारा माणूस त्यांनी आणून बसवला. पुढे किर्लोस्कर मंडळीची व्यवस्था पाहणाऱ्या शंकरराव मुजुमदारांनी ‘रंगभूमी’ मासिक चालवलं, अण्णासाहेब किर्लोस्करांचं चरित्र लिहिलं. व्यवस्थापक लिहिता असू शकतो, याचा एवढा ठळक दाखला नंतर फारसा सापडत नाही.

उलट्या बाजूचा, व्यवस्था फसल्याचा दाखला सर्वांना पाठ आहे. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिचे पडदे, शालू, अत्तर यांच्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो. त्याच वैभवापायी कंपनी कर्जात गेली आणि ते फेडण्यात बालगंधर्वांची उमेदीची वर्षं खर्ची पडली, हे आपण हळहळून सांगतो. पण त्या कर्जाचा अभ्यास किती जणांनी केला? उत्पन्न कुठून येत होतं, सीनसीनरीवर किती जात होतं, व्याज कितीचं होतं? गंधर्वांच्या गाण्यावर ग्रंथ आहेत, आणि असायलाच हवेत. त्यांच्या खतावणीवरही एक असता, तर नंतरच्या कितीतरी निर्मात्यांची घरं गहाण पडायची वाचली असती.

आता थोडा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल घेतो, कुणी आपल्या नाटकाशी ताडून पाहू नयेत. समजा नाट्यगृहात ८०० खुर्च्या आहेत आणि तिकीट सरासरी ३०० रुपयांना जातं. भाडं, जाहिरात, कलाकारांची नाईट, बॅकस्टेजचं मानधन, लेखक-दिग्दर्शकाचं देणं, टेम्पो, चहा-नाश्ता धरून प्रयोगाचा खर्च दीड लाख. म्हणजे पाचशेव्या खुर्चीपर्यंत निर्माता फक्त खर्च भरून काढतो. सरासरी ५६७ माणसं आली तर प्रयोगामागे वीस हजार सुटतात. नाटक उभं करायला पंचवीस लाख लागले असतील, तर ते वसूल व्हायला सव्वाशे प्रयोग हवेत. महिन्याला दहा प्रयोग धरले तरी वर्ष उलटतं, आणि तोवर नायकाला मालिका मिळालेली असते. मग त्याच्या चित्रीकरणातून उरलेल्या तारखा आणि नाट्यगृहाच्या तारखावाटपात हाती आलेल्या तारखा जुळवत बसायचं. ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागलेलं नाटकही तोट्यात बंद पडतं ते असं. प्रेक्षकाला हे कोडं वाटतं, नव्या निर्मात्यालाही वाटतं. पदव्युत्तर वर्गातला हा पहिल्या आठवड्याचा धडा असायला हवा.

मग तिकीट वाढवा, असं कुणी म्हणेल. २०१८ पासून नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्यावर गेलं की कर लागतो. वरच्या दराचा काटा पाचशेपाशी का अडतो, याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात सापडणार नाही.

याच्या मुळाशी असलेलं दुखणं जगभर आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ते पुस्तकात मांडलं. कारखान्यात यंत्र आलं की कमी माणसांत जास्त माल निघतो. रंगमंचावर तसं होत नाही. चार पात्रांच्या प्रवेशाला शंभर वर्षांपूर्वी चार नट लागत, आजही चारच लागतात. बाकी जगातलं वेतन मात्र वाढत जातं, म्हणून नाटकाचा खर्च उत्पन्नाला मागे टाकत राहतो. यावर आपण काय उपाय काढला? पात्रं कमी केली. पाच अंकांचे दोन झाले, वीस जणांची मंडळी पाच जणांची झाली, सेट एकच दिवाणखाना. समीक्षक याला नाट्यलेखनाची नवी जाणीव म्हणतात. काही अंशी ती असेलही. पण व्यवस्थापकाला करायचा हिशेब आपण लेखकाकडून करून घेतला, असं मला वाटतं. लेखकानं किती पात्रं लिहायची हे दौऱ्याच्या बसमधल्या सीटांवर ठरावं, ही परिस्थिती मला मानवत नाही.

परदेशात काय करतात? कोलंबिया विद्यापीठात नाट्यव्यवस्थापन आणि निर्मितीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, ब्रुकलिन कॉलेजात सादरीकरण कलांच्या व्यवस्थापनाचा आहे. येलमध्ये तीन वर्षांचा आहे आणि तिथल्या व्यवस्थापन शाळेच्या एमबीएशी जोडून तो घेता येतो. पण येलची मला आवडलेली गोष्ट निराळी. तिथे ‘येल कॅबरे’ नावाचं छोटं तळघरातलं थिएटर १९६८ पासून विद्यार्थीच चालवतात. तिकीट विकणारे तेच, जमाखर्च बघणारेही तेच. डेव्हिड गेफन यांनी १५ कोटी डॉलर दिल्यावर २०२१ पासून येलच्या नाट्यशाळेची फीच माफ झाली. आपल्याकडे असा दाता भेटेपर्यंत थांबायचं नसेल, तर तळघर तरी शोधू या.

न्यूयॉर्कची आणखी एक गोष्ट. १९७३ पासून तिथल्या डफी स्क्वेअरमध्ये त्या दिवशीच्या उरलेल्या तिकिटांची सवलतीत विक्री होते. आपल्याकडे उरलेल्या खुर्च्या पासांवर भरतात, आणि पासवाल्याला तिसऱ्या रांगेच्या मागे बसणं जमत नाही.

तरीही तिथली पुस्तकं इथे जशीच्या तशी चालणार नाहीत. ब्रॉडवेचं नाटक एका थिएटरात मुक्काम ठोकतं, आठवड्याला आठ प्रयोग करतं. आपलं नाटक रोज बिऱ्हाड हलवतं. १९६२ मध्ये ‘तो मी नव्हेच’ फिरत्या रंगमंचावर आलं. प्रेक्षकांना त्यातला लखोबा आठवतो, तो साकारणारे पणशीकर आठवतात. तो फिरता रंगमंच गावोगाव नेऊन जोडणारी आणि प्रयोग संपल्यावर उतरवणारी माणसं, त्यांची वेळापत्रकं, त्यांच्या युक्त्या यांचं पुस्तक येलमध्ये मिळायचं नाही. ते आपल्यालाच लिहावं लागेल. तसंच बुकिंगच्या खिडकीचं. जुन्या बुकिंग क्लार्कला ठाऊक असे की अमुक काकूंना कडेची खुर्ची लागते आणि अमुक मंडळाचे लोक विनोदी नाटकाला चाळीस येतात, गंभीर नाटकाला चार. आता तिकिटं मोबाइलवर निघतात. प्रेक्षक कोण, पुन्हा आला का, ही माहिती बरीचशी तिकीट विकणाऱ्याकडे साठते आणि आपल्या हाती विक्रीचा आकडा येतो. स्वतःच्या प्रेक्षकाचा पत्ता हरवलेला हा धंदा आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

मला हवा तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी विद्यार्थी खिडकीवर बसेल, दौऱ्याच्या बसमधून जाईल, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र स्वतः आणेल, लेखकाशी होणारा करार १९५७ च्या कॉपीराइट कायद्यासमोर ठेवून वाचेल. दुसऱ्या वर्षी एक नाटक स्वतः चालवून दाखवेल, नफ्यात किंवा तोट्यात. गुण हिशेबाच्या खरेपणाला. आणि मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा प्रयोगावर पोट असलेल्या रंगमंच कामगाराच्या हाती काय उरलं, हा प्रश्न परीक्षेत दरवर्षी यावा.

शिकवणार कोण, ही सबब विद्यापीठांनी पुढे करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट मोकळी केली आहे. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षं काढलेल्या जाणत्या माणसाला पीएच.डी.शिवाय शिकवता येतं. अशी माणसं आज समोर बसली आहेत. कुलगुरूंनी त्यांना पत्र पाठवावं.

आणि निर्मात्यांनो, तुमच्याकडे एक मागणं. चालू नाटकाचे आकडे कुणी दाखवणार नाही, ते मी जाणतो आणि मागतही नाही. पण प्रत्येकाच्या कपाटात एका बंद पडलेल्या नाटकाची वही आहे. नावं खोडा, नाईटचे आकडे हवे तर झाका. ती वही पुढच्या नाट्य संमेलनाआधी एखाद्या विद्यापीठाच्या नाट्यविभागात नेऊन द्या. पहिली वही मी आज इथेच या व्यासपीठावर संयोजकांच्या हवाली करतो आहे. दुसरी कुणाची, ते चहाच्या सुट्टीत येऊन मला सांगा.