क्वीन्सटाउनचे बंदर

आयर्लंडच्या दक्षिणेस कॉर्कच्या बंदरात ग्रेट आयलंड नावाचे बेट आहे. त्यावरील कोव्ह हे गाव पहिल्या महायुद्धाच्या काळी क्वीन्सटाउन म्हणून ओळखले जात असे; राणी व्हिक्टोरिया १८४९ मध्ये तेथे उतरली, त्याची ही खूण. मे १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ बुडाली, तेव्हा वाचलेले उतारू आणि अनेकांचे मृतदेह याच धक्क्यावर आणण्यात आले.

१९१७ च्या वसंतात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनचा अन्नपुरवठाच धोक्यात आणला होता. ४ मे रोजी सहा अमेरिकी विनाशिका येथे दाखल झाल्या आणि ब्रिटिश अ‍ॅडमिरल बेली यांच्या हुकमतीखाली काम करू लागल्या. अफाट समुद्रात पाणबुडी शोधीत हिंडण्यापेक्षा व्यापारी जहाजांचे काफिले राखणे अधिक फलदायी ठरले. अटलांटिकच्या वाटेवरील हे बंदर त्यासाठी फारच सोयीचे होते.

बंदराची सोय मात्र गाववाल्यांच्या हाती नव्हती. १९२१ च्या करारानंतरही त्याच्या संरक्षणाचा ताबा ब्रिटनकडेच राहिला. तो १९३८ मध्ये सोडण्यात आला, तेव्हा चर्चिल यांनी संसदेत कडाडून विरोध केला. हा ताबा सुटला नसता, तर पुढील वर्षी सुरू झालेल्या महायुद्धात आयर्लंडला तटस्थ राहणे जवळजवळ अशक्य झाले असते, असे मला वाटते.