यकृतरोग, मूलपेशी आणि प्रयोगशाळेतील उंदीर : स्वागताध्यक्षीय भाषण



स्वतःची संख्या वाढवणाऱ्या आणि निरनिराळ्या प्रकारच्या पेशींना जन्म देणाऱ्या मूलपेशींच्या साहाय्याने बिघडलेले यकृत सावरता येईल काय, हा या परिषदेचा विषय आहे. त्यातील सर्वांत बोधप्रद अध्याय टायरोसिनेमियाग्रस्त उंदरांचा होय. टायरोसीन हे अमिनो आम्ल मोडणाऱ्या साखळीतील शेवटचे विकर या उंदरांत तयार होत नसल्याने विषारी द्रव्ये यकृतपेशींत साचतात आणि निटिसिनोन हे संरक्षक औषध थांबवल्यावर यकृत निकामी होऊ लागते. अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या अस्थिमज्जेतील रक्तजनक मूलपेशी दिल्यावर ते औषधाविना जगले, आणि रक्ताच्या मूलपेशींपासून यकृतपेशी घडतात, असा अर्थ २००० साली लावला गेला. परंतु तो अर्थ लावणाऱ्या मार्कुस ग्रोम्पे यांच्याच अमेरिकेतील गटाने २००३ साली दाखवून दिले की, नव्या यकृतपेशींत दाता आणि यजमान अशा दोघांचीही जनुकीय चिन्हे होती. म्हणजे रूपांतर झालेले नसून अस्थिमज्जेतून आलेली पेशी आजारी यकृतपेशीशी एकजीव झाली होती आणि तिच्या जनुकाने विकराची उणीव भरून काढली होती. उंदीर वाचले हे खरेच होते. ते का वाचले, याचे उत्तर मात्र बदलले, आणि ज्यांनी आधीचा अर्थ लावला त्यांनीच तो तपासून दुरुस्त केला, ही या क्षेत्राची मोठी कमाई मानली पाहिजे.

कार्बन टेट्राक्लोराइड टोचून घडवलेल्या तंतुमयतेबाबत, म्हणजे यकृतात व्रणासारख्या ऊतीचे जाळे पसरण्याबाबत, अशीच सावधगिरी हवी, कारण हे रसायन थांबवल्यावर ती मूलपेशींविनाही बऱ्याच अंशी ओसरते आणि उपचार न दिलेला तुलनागट नसेल तर श्रेय कोणाचे हे ठरत नाही. मद्य, विषाणू किंवा मेदसंचयामुळे वर्षानुवर्षे वाढलेला माणसाचा सिरोसिस त्याहून फार वेगळा असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार यकृतरोगासाठी मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. तरीही उंदरांवरील निष्कर्ष दाखवून हतबल कुटुंबांकडून पैसे घेतले जातात, ही गोष्ट क्लेशदायक आहे. म्हणूनच ज्या प्रयोगांत मूलपेशींनी काहीही फरक पडला नाही, तेही निबंधवाचनात तितक्याच तपशिलाने मांडावेत, अशी स्वागत समितीची सर्व प्रतिनिधींना आग्रहाची विनंती आहे.