जुन्या घराला नवी खोली

गोव्यातील जुन्या घराच्या दुरुस्तीचा विषय निघतो तो बहुधा लग्नाच्या निमित्ताने. धाकट्याला स्वतंत्र खोली हवी, वडीलधाऱ्यांना न्हाणीघर जवळ हवे. आणि गवंडी सुचवितो, राजांगणावर छप्पर घाला! जागा मिळते खरी. परंतु ज्या चौकातून चारी बाजूंना वारा व उजेड मिळत होता, तोच मिटतो. मग मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो.

या घरांची प्रकृतीच निराळी. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, पुष्कळदा नुसत्या मातीत रचलेल्या. वर चुन्याचा गिलावा. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणारा सच्छिद्र जांभा ओल शोषतो आणि पाऊस ओसरला की चुन्यावाटे ती सोडून देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओलीला वाट उरत नाही. भिंतीत क्षार साचतात, रंगाचे पोपडे सुटतात, आणि यजमान तो दोष चिऱ्याला देऊन आणखी सिमेंट आणवितो! अशा भिंतींवर काँक्रीटची स्लॅब टाकणे तर निव्वळ धाडस होय. खिडक्यांच्या तावदानांतील शिंपल्याही काचेच्या मोहाने फेकून देऊ नयेत. त्यांतून झिरपणारा मऊ उजेड काचेतून मिळत नाही.

मग वाढत्या कुटुंबाने करावे काय? खोली परसात बांधावी. जुन्या जोत्यापासून चार हात सुटी, कौलारू, फणसाच्या सावलीत. (माडाखाली मात्र नव्हे, नारळाला कौलांची दया नसते.) नवा पाया प्रथम थोडा खचतोच, तो जुन्या भिंतीस जखडला तर सांध्यावर भेग पडते, आणि दोन छपरे मिळतात तेथे गळती ठरलेली. जोडणे अटळच असेल तर मध्ये ठेंगणी पडवी घालावी व सांधा मोकळा ठेवावा. तरुण जोडप्याला एकांत मिळतो, राजांगणही राहते.

खरी अडचण वेगळीच असते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने वडिलार्जित मिळकतीत मुलगे व मुली यांना सारखा वाटा दिला. न्याय्य गोष्ट! परंतु एक भाऊ घरी, बहीण मुंबईस, दुसरा भाऊ लिस्बनला. आणि छप्पर गळते ते घरी राहणाऱ्याच्याच डोक्यावर. त्याने न विचारता खोली बांधली तर तंटा, आणि संमतीची वाट पाहत बसला तर दोन पावसाळ्यांत वासे कुजतात. कौलांची शाकारणी मे संपण्यापूर्वी उरकावी लागते. चतुर्थीला किंवा नाताळाला भावंडे एकत्र येतात, तेव्हाच नकाशा मेजावर पसरून सर्वांच्या सह्या घेतलेल्या बऱ्या.