गोसीचे दरवाजे कोण उघडणार?

पावसाचा जोर वाढला की भंडाऱ्यात जो तो दोनच गोष्टी विचारतो. कारध्याला वैनगंगेचं पाणी कुठवर आलं? आणि गोसीचे किती गेट उघडले? गोसीखुर्द धरणाला तेहतीस दरवाजे आहेत. ते केव्हा उचलायचे, किती उचलायचे, या निर्णयात संगणकाचा काय उपयोग होईल, हा आजचा विषय.

हल्ली असा विषय निघाला की लगेच आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं नाव येतं. मी बोलणार आहे ते तिच्या एका जुन्या, थोड्या मागे पडलेल्या शाखेबद्दल. तिला तज्ज्ञ प्रणाली किंवा एक्सपर्ट सिस्टीम म्हणतात. अनुभवी माणसाला जे ठाऊक असतं ते ‘असं दिसलं तर तसं कर’ अशा नियमांत लिहून काढायचं आणि समोरच्या परिस्थितीला त्यातले कोणते नियम लागू पडतात ते संगणकानं पाहायचं. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ नावाची अशी प्रणाली तयार झाली. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कोणतं अँटिबायोटिक द्यावं, ते ती सुचवायची. पण मायसिनला घाई नव्हती. ती प्रश्न विचारी, डॉक्टर उत्तर टाइप करी, आणि ते उत्तर शेवटपर्यंत खरं धरलं जाई.

नदीच्या बाबतीत हे कसं चालेल? पहाटेची पातळी सकाळी खोटी ठरते. स्टॅनफर्डच्याच लोकांनी पुढे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांवर लक्ष ठेवणारी ‘व्हीएम’ ही प्रणाली केली, तेव्हा त्यांना हीच अडचण आली. त्यांनी यंत्राकडून येणाऱ्या मोजमापांना मुदत घातली. मुदत टळली की त्या आकड्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. धरणावर बसवायच्या प्रणालीत मला सगळ्यांत आधी हवी ती ही मुदत.

आता आपल्याकडचा पेच पाहा. गोसीची पूर्ण संचय पातळी २४५.५ मीटर. वरून वैनगंगा येते, आंभोऱ्याला तिला कन्हान मिळते, आणि कन्हानमधून पेंचचंही पाणी येतं. दरवाजे उघडायला उशीर झाला तर फुगवटा भंडाऱ्याच्या अंगावर येतो. एकदम उघडले तर खाली पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, देसाईगंज पाण्यात. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस हे सगळ्यांनी भोगलं. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, शिवनीच्या संजय सरोवरातून आणि पेंचमधून पाणी सुटलं, भंडारा शहरातल्या वस्त्या बुडाल्या आणि गोसीच्या खालची गावंही. म्हणजे गोसीच्या गेटचा निर्णय शिवनी जिल्ह्यातच सुरू होतो. परराज्यातला आकडा वेळेत आला नाही तर इथले नियम कितीही उत्तम असोत, ते कोरड्या विहिरीवर बसवलेल्या मोटेसारखे.

आकडा आला तरी तो खरा आहे का, हेही पाहावं लागतं. समजा, कारध्याची पातळी बराच वेळ चढते आहे, कन्हानचा येवा वाढतो आहे, एकही गेट हललेलं नाही, आणि धरणाची पातळी मात्र पडद्यावर तीच्या तीच. नवखा माणूस म्हणेल, स्थिर आहे, चिंता नको. जुना माणूस टॉर्च घेऊन भिंतीवरची पट्टी बघायला जाईल, कारण त्याला सेन्सर अडकल्याची शंका आलेली असते. ही शंका नियम म्हणून लिहिता येते.

दरवाजांचंही तेच: पडद्यावर ‘उघडला’ दिसलं म्हणजे तो उघडलाच असं नाही. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ला अपघात झाला. तिथला एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, पण नियंत्रण कक्षातला दिवा सांगत होता तो बंद झाला. कारण व्हॉल्व्ह बंद करण्याचा हुकूम गेला एवढंच तो दिवा दाखवत होता, व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला की नाही हे नाही. त्यातच पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त धोक्याच्या सूचना वाजल्या. माणसांनी ऐकायचं तरी काय? यांतल्या कोणत्या सूचना एकाच कारणाच्या आहेत हे ओळखून बाकीच्या गप्प करणं, हे तज्ज्ञ प्रणालीचं मोलाचं काम आहे. माझ्या मते इशारा देण्याइतकंच मोलाचं.

कृष्णा-भीमा खोऱ्यात २००५च्या महापुरानंतर पाऊस आणि पातळी तत्काळ कळवणारी यंत्रणा उभी राहिली. अशी माहिती येऊ लागली की पुढचा मोह होतोच: मग गेटही संगणकानंच हलवावेत. मी त्याच्या विरोधात आहे. प्रणालीनं सल्ला द्यावा, बटण अभियंत्यानं दाबावं. पण सल्ल्यासोबत कारण हवं. रात्री दोनला जिल्हाधिकाऱ्यांनी फोनवर विचारलं, ‘आणखी चार गेट कशासाठी?’ तर कोणत्या आकड्यांवरून, कोणत्या नियमानं, हे सांगता आलं पाहिजे. नुसत्या जुन्या आकड्यांवर शिकवलेली आजची मॉडेलं अंदाज छान देतात, कारण विचारलं की अडखळतात. तज्ज्ञ प्रणाली नियमावर बोट ठेवून दाखवते.

हे नियम आणायचे कुठून? जलाशय परिचालन सूचीत तारीखवार पातळ्या असतात. पण कन्हानचं पाणी आधी येईल की वैनगंगेचं, हा अंदाज गेटवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतो, आणि तो निवृत्त झाला की त्याच्यासोबत जातो. म्हणून माझी सूचना अगदी कमी खर्चाची आहे. गेट हलवल्याच्या नोंदीत वेळ, पातळी आणि विसर्ग यांच्या शेजारी एक रकाना वाढवावा: ‘का?’ या पावसाळ्यापासून तो भरायला लागू. सॉफ्टवेअर नंतर येईल.