कोपीसाठी ताडपत्री घेताना
दौंडच्या पाटसपासून शिरूरच्या न्हावऱ्यापर्यंत ऊसतोड सुरू झाली की बीडकडून आलेल्या मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. बैलगाडी ऊस घेऊन कारखान्याला जाते. पोरंबाळं, शिधा मागेच. म्हणून आडोसा गाडीला न बांधता वेगळ्या बांबूंवर उभारावा. ताडपत्री घेताना जीएसएम विचारा, म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम वजन. जाड ताडपत्री जास्त टिकते, पण फडागणिक तळ हलवणाऱ्याला तिचं ओझंच. मला विचाराल तर आधी काठ पाहा: दुमडलेला, आत दोरी असलेला, कड्या जवळजवळ. वाऱ्यात ताडपत्री बहुधा फाटते ती काठाकडूनच. आणि चूल मात्र बाहेरच पेटवा. प्लास्टिकची ताडपत्री ठिणगीनंही पेटू शकते.