भूकंपलहरी आणि कातळाखालची भूमी



कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम हे नगर मराठी माणसाला तंजावरच्या भोसले राजांमुळे परिचित आहे. तेथील भूमी सपाट, भातखाचरांची. डोंगराचा मागमूसही नाही. तथापि त्या गाळाखाली खोलवर कठीण खडकाचा एक उंचवटा गाडला गेला आहे. भूवैज्ञानिक त्यास कुंभकोणम-मदनम उंचवटा म्हणतात. तो कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. खनिज तेलाच्या शोधात झालेल्या सर्वेक्षणांत भूकंपलहरींनी त्याची रूपरेषा स्पष्ट केली.

या सर्वेक्षणात जमिनीत लहानसा स्फोट घडवितात. त्याच्या लहरी खाली जातात आणि खडक बदलतो तेथे त्यांचे परावर्तन व अपवर्तन होते. ओळीने मांडलेली यंत्रे परतलेल्या लहरींची वेळ टिपतात. मऊ गाळातून लहरी सावकाश जातात, तर ग्रॅनाइटातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने. वर मंद आणि खाली वेगवान थर, हा कुंभकोणमचा क्रम अभ्यासकाला सोयीचा ठरतो.

महाराष्ट्राची गोष्ट निराळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांनी येथील मूळ भूमीवर काळ्या बेसॉल्टचे थरावर थर चढविले. या बेसॉल्टखाली मऊ गाळाचे खडक असतील, तर वेगवान थराखाली मंद थर येतो. अशा सीमेवर अपवर्तित लहर वर परतण्याऐवजी अधिकच खाली वळते आणि मंद थर नोंदीतून निसटतो. मग परावर्तित लहरींची मदत घ्यावी लागते. अखेरची खात्री मात्र वेधनानेच होते.

हा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना हादरली. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषांवर स्फोटजन्य लहरींनी कवचाचा खोलवर वेध घेतला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. नंतर तेथे घेतलेल्या वेधनछिद्रात ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली अवघा ८ मीटर गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन पाया आढळला. कोयनेतही बहुतांश धक्के बेसॉल्टमध्ये नव्हे, तर त्याखालच्या ग्रॅनाइटी पायात उद्भवतात. तेथे गोठणे येथे २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल वेधन पूर्ण झाले.

विद्यार्थी मित्रहो, वरचा कातळ अभेद्य दिसला म्हणून खालचा पाया अभंग असतोच असे नाही. भूकंप कोणत्या दिवशी होईल हे या लहरी सांगत नाहीत. पाया कोठे दुभंगलेला आहे, हे मात्र त्या दाखवितात. त्यावरून भिंत कशी बांधावी हे ठरविणे माणसाच्या हाती आहे. अपवर्तनाचा जो नियम वर्गात काचेच्या चिपेवर शिकविला जातो, तोच येथे माणसांचे प्राण राखण्याच्या कामी येतो. उद्याचे भूवैज्ञानिक आणि स्थापत्यविशारद याच बाकांवरून घडावेत, हीच हीरक महोत्सवी शुभेच्छा.